वजन उतरते, खर्च उतरतो का?

एखाद्याला अपेंडिक्सचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, तर तिचा खर्च किती वर्षांत भरून निघेल असे कोणी विचारत नाही. मोतीबिंदू काढल्यावर पुढच्या दहा वर्षांत दवाखान्याच्या किती फेऱ्या वाचतील, याचा हिशेब घरचे लोक मांडत नाहीत. दिसू लागले, एवढे पुरते. पण एका शस्त्रक्रियेला मात्र गेली काही दशके हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जात आहे : तुझे पैसे वसूल होतात का? अतिलठ्ठपणा कमी करण्यासाठी जठरावर किंवा आतड्यावर जी शस्त्रक्रिया करतात, ती ही.

हा प्रश्न कसा पुढे आला, त्याची उत्तरे एकमेकांविरुद्ध का निघाली आणि अखेर काय हाती लागले, ते या लेखात आपण पाहणार आहोत. ही हकिकत मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि स्वीडन या देशांतली आहे, कारण तिथे या शस्त्रक्रिया आधी सुरू झाल्या आणि त्यांच्या नोंदीही नीट राहिल्या.

आधी एक माप समजून घेऊ. वजन (किलोग्रॅममध्ये) भागिले उंचीचा (मीटरमध्ये) वर्ग, म्हणजे देहभार निर्देशांक किंवा बीएमआय. हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाने वापरले आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन सुमारे १०२ किलो असेल तर त्याचा निर्देशांक ४० होतो. सुमारे ९० किलो असेल तर ३५. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. पुढे त्यांच्यावर बरेच काही अवलंबून आहे.

आतड्याला बगल

आपले लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते. अन्नातील पोषक द्रव्ये मुख्यतः तिथेच शोषली जातात. मग आतड्याचा बराच भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून दिली तर? अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी १९५४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्याचा वरचा आणि खालचा भाग पोषणासाठी किती महत्त्वाचा आहे, हे त्यांना पाहायचे होते. अशी शस्त्रक्रिया माणसावरही होऊ लागली ती याच सुमारास.

लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी ही कल्पना पुढे नेली. प्रथम त्यांनी लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडून पाहिला. वजन उतरले, पण जुलाब थांबेनात, शरीरातील क्षारांचे प्रमाण बिघडू लागले, यकृतावर परिणाम झाला. वजन उतरल्यावर आतडे पूर्ववत जोडावे, असा त्यांचा विचार होता. पण पूर्ववत जोडताच वजनही पूर्ववत होई. १९६९ मध्ये त्यांनी सुधारित पद्धत सांगितली. तिच्यात लहान आतड्याचा सुरुवातीचा १४ इंच आणि शेवटचा ४ इंच भाग तेवढा वापरात राहत असे. सहा मीटरपैकी जेमतेम ४६ सेंटिमीटर!

ही पद्धत १९७० च्या दशकात बरीच चालली. वजन उतरे, पण किंमत पुढे मोजावी लागे. शरीरात न शोषलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवी. त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात जाई आणि मूत्रपिंडात खडे होत. सांधे दुखत, जीवनसत्त्वे कमी पडत, काहींचे यकृत निकामी होई. कित्येकांची शस्त्रक्रिया उलटवावी लागली. १९८० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली.

खर्चाच्या दृष्टीने पहिला धडा इथेच मिळाला. शस्त्रक्रियेचा खर्च म्हणजे केवळ त्या दिवशीचे बिल नव्हे. पुढची तपासणी, औषधे, पुन्हा भरती होणे, दुसरी शस्त्रक्रिया, हे सगळे त्यात धरावे लागते. आणि ते किती असेल हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

आयोवातील निरीक्षण

दुसरी वाट आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांना दिसली. पोटातील व्रणासाठी त्या काळी जठराचा काही भाग काढून टाकत. अशा रुग्णांचे वजन नंतर वाढत नाही, उलट उतरते, आणि वाढवायचे म्हटले तरी वाढत नाही, हे मेसन यांच्या लक्षात आले होते. व्रणाच्या रुग्णाला ही अडचण होती. अतिलठ्ठ रुग्णाला तिचा उपयोग होईल का? जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया मेसन यांनी १९६६ मध्ये केली आणि पुढच्या वर्षी सहकारी चिकाशी इटो यांच्यासह ती प्रसिद्ध केली. 'गॅस्ट्रिक बायपास' म्हणून आज आपण जी शस्त्रक्रिया ऐकतो, तिचे मूळ हे.

मेसन यांनी आणखी एक काम केले. १९८६ मध्ये त्यांनी अशा शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणावर कोणती शस्त्रक्रिया झाली आणि पुढे त्याचे काय झाले, हे वर्षानुवर्षे एका ठिकाणी लिहून ठेवायचे. आतड्याच्या शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम उशिरा कळले, याला नोंदींचा अभावही कारण होता. नोंदवहीचे काम रटाळ, त्यात नाव होत नाही. पण 'पुढे काय झाले' या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच मिळते.

दोन आकडे आणि एक लाट

मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बेथेस्डा येथे तज्ज्ञांची परिषद भरवली. ज्यांचा निर्देशांक ४० पेक्षा जास्त आहे, किंवा ३५ पेक्षा जास्त असून सोबत लठ्ठपणामुळे बळावलेला गंभीर आजार आहे, अशांसाठी शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे परिषदेने सांगितले. शिफारस वैद्यकीय होती. पण विमा कंपन्यांना कागदावर रेघ ओढायला आकडे हवेच असतात. ४० आणि ३५ या आकड्यांची ती रेघ झाली.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. १९९३-९४ पासून या शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागल्या. मोठा छेद नको, त्यामुळे रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. आणि १९९५ मध्ये उत्तर कॅरोलायनातील वॉल्टर पोरीज यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. बायपास झालेल्या त्यांच्या १४६ मधुमेही रुग्णांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा सामान्य पातळीवर आली आणि तिथेच राहिली. मधुमेह हा आयुष्यभराचा आजार. तो शस्त्रक्रियेने आटोक्यात येतो, हे अनेकांना खरे वाटेना.

मग लाट आली. अमेरिकेत १९९८ साली अशा सुमारे १३,००० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २००२ साली सुमारे ७२,०००. पाचपटीहून अधिक. प्रत्येकीचा खर्च हजारो डॉलर. तो भरणाऱ्या विमा कंपन्या, नोकरदारांचा विमा उतरवणारे मालक आणि सरकार यांनी विचारले, की यातून आमच्या हाती काय लागणार? लठ्ठपणा हा आजार नसून माणसाच्या आळसाचे किंवा खादाडपणाचे फळ आहे, ही समजूत तेव्हा खोल रुजलेली होती. अमेरिकी सरकारच्या 'मेडिकेअर' योजनेच्या नियमावलीत लठ्ठपणा आजार नाही अशा अर्थाचे वाक्य होते. ते २००४ मध्ये काढले गेले. ज्याला आजार म्हणायचे की नाही इथपासून वाद, त्याच्या उपचाराला 'बरे वाटले' एवढे प्रमाणपत्र पुरेसे नव्हते. त्याने पैसे वाचवून दाखवायला हवे होते.

होकार आणि नकार

पहिली उत्तरे होकारार्थी आली. कॅनडातील माँट्रियल येथे शस्त्रक्रिया झालेल्या १,०३५ जणांची तुलना शस्त्रक्रिया न झालेल्या ५,७४६ अतिलठ्ठ लोकांशी करण्यात आली. ५ वर्षांच्या नोंदी पाहून २००४ मध्ये निष्कर्ष निघाला, की शस्त्रक्रियेचा खर्च साडेतीन वर्षांत भरून निघतो. २००८ मध्ये अमेरिकेतील ३,६५१ रुग्णांच्या विम्याच्या दाव्यांवरून असेच उत्तर आले. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सुमारे २ वर्षांत आणि पोट उघडून केलेलीचा सुमारे ४ वर्षांत वसूल होतो, असे त्यात म्हटले होते. या दुसऱ्या अभ्यासाला अशा शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीचे अर्थसाहाय्य होते. त्यामुळे निष्कर्ष आपोआप खोटा ठरत नाही. पण वाचकाने ते ध्यानात ठेवायला हवे.

नकाराची उत्तरेही येत होती. कॅलिफोर्नियात १९९५ ते २००४ या काळात बायपास झालेल्या ६०,०७७ जणांच्या नोंदी २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या वर्षी त्यांच्यापैकी ७.९ टक्के लोक रुग्णालयात भरती झाले होते. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षी हे प्रमाण १९.३ टक्के झाले, म्हणजे दुपटीहून जास्त! भरती होण्याची कारणेही बदलली होती. आधी सांधेदुखी, पायांचा जंतुसंसर्ग अशी कारणे होती. नंतर टाक्याच्या जागी झालेला हर्निया, जठराची पुन्हा दुरुस्ती अशी कारणे दिसू लागली.

२०१२ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ८४७ शस्त्रक्रियांचा अभ्यास आला. तितक्याच, मिळत्याजुळत्या पण शस्त्रक्रिया न झालेल्या सैनिकांशी तुलना केली, तेव्हा ३ वर्षांनंतरही खर्चात बचत दिसली नाही. २०१३ मध्ये तर २९,८२० विमाधारकांचा, कमाल ६ वर्षांचा हिशेब मांडला गेला. औषधांचा आणि डॉक्टरांच्या भेटींचा खर्च उतरला होता, पण रुग्णालयात भरती होण्याचा खर्च वाढला होता. एकूण बेरजेत बचत नव्हती.

आता वाचकांच्या मनात प्रश्न येईल, की यातले खरे कोण? सगळ्यांनी नोंदी तपासूनच लिहिले. मग उत्तरे वेगळी का?

तुलना कोणाशी, किती काळ?

पहिली अडचण तुलनेची. माँट्रियलच्या अभ्यासातला तुलनागट सरकारी विमायोजनेच्या दप्तरातून निवडला होता. ज्यांच्या कागदावर 'अतिलठ्ठ' असे निदान नोंदले गेले होते, ते लोक त्यात आले. पण असे निदान कागदावर येते कोणाचे? बहुधा जो आधीच दवाखान्याच्या फेऱ्या घालत असतो, त्याचे. जो लठ्ठ आहे पण डॉक्टरकडे जातच नाही, तो दप्तरात दिसत नाही. तुलनागटात जास्त आजारी माणसे शिरली, की शस्त्रक्रियेचा गट सहजच स्वस्त दिसू लागतो.

दुसरी अडचण 'आधी' आणि 'नंतर' यांची. शस्त्रक्रिया ठरली, की आधीच्या काही महिन्यांत तपासण्यांची रांग लागते : रक्त, हृदय, झोप, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ. त्या वर्षाचा खर्च मुळातच फुगलेला असतो. त्याच्याशी तुलना केली, तर नंतरचे कोणतेही साधे वर्ष काटकसरीचे वाटेल. परीक्षेच्या आठवड्यात विद्यार्थी किती तास वाचतो हे पाहून वर्षभराचा अंदाज बांधावा, तसे हे झाले.

तिसरी अडचण काळाची. अमेरिकेत विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो. नोकरी बदलली की विमा कंपनी बदलते आणि माणूस अभ्यासातून नाहीसा होतो. त्यामुळे तिथले अभ्यास बहुधा ३ ते ६ वर्षांपुढे जात नाहीत. जी कंपनी शस्त्रक्रियेचे पैसे भरते, तिच्याकडे तो माणूस बचतीची वर्षे येईपर्यंत टिकेलच असे नाही.

चौथी अडचण, हिशेबात काय धरायचे ही. केवळ औषधे मोजली तर एक उत्तर येते, रुग्णालयाचे दिवस मोजले तर दुसरे. रजा, बुडालेला पगार, घरच्यांचा वेळ हे तर विम्याच्या दाव्यांत उमटतच नाही.

स्वीडनची वीस वर्षे

या अडचणींतून वाट काढायला मोठा काळ, एकच आरोग्यव्यवस्था आणि न हरवणारी माणसे हवी होती. हे तिन्ही स्वीडनमध्ये होते. तिथे प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतो. रुग्णालयातून घरी गेल्याची नोंद त्या क्रमांकावर राष्ट्रीय दप्तरात जाते. गोथेनबर्गच्या लार्स श्यॉस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर १९८७ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. जानेवारी २००१ पर्यंत त्यात २,०१० जण शस्त्रक्रियेच्या गटात आणि २,०३७ जण नेहमीच्या उपचारांच्या गटात घेतले गेले.

चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडणे सर्वांत चोख झाले असते. पण १९८० च्या दशकात या शस्त्रक्रियांतील मृत्यूंचे प्रमाण इतके होते, की नैतिकता समित्यांनी तशी परवानगी दिली नाही. कोणाला चिठ्ठी काढून धोक्यात कसे ढकलायचे? म्हणून वय, वजन, रक्तदाब अशा १८ बाबी संगणकावर जुळवून तुलनागट निवडला गेला. दोन्ही गटांतील माणसांना आपण अभ्यासात आहोत हे ठाऊक होते, दोघांच्याही तपासण्या ठरल्या वेळी होत. दप्तरातून मागाहून माणसे शोधण्यापेक्षा हे खूपच बरे.

१५ वर्षांनी बायपास झालेल्यांचे वजन सरासरी २७ टक्क्यांनी कमी होते. तुलनागटाचे जवळजवळ होते तिथेच. शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला मधुमेह नसलेल्यांपैकी शस्त्रक्रियेच्या गटातील ११० जणांना पुढे तो झाला, तर जवळजवळ तेवढ्याच मोठ्या तुलनागटात ३९२ जणांना. आरोग्याचा लाभ असा स्पष्ट होता.

आणि खर्च? २०१२ मध्ये २० वर्षांचा सेवावापर जाहीर झाला. शस्त्रक्रियेच्या गटातील व्यक्तीने २० वर्षांत सरासरी ५४ दिवस रुग्णालयात काढले. तुलनागटातील व्यक्तीने ४०. दुसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दरसाल १.७ दिवस विरुद्ध १.२ दिवस असा फरक होता. सातव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत मात्र दोन्ही गट बरोबरीत आले : वर्षाला १.८ दिवस. तज्ज्ञांकडच्या बाह्यरुग्ण भेटींचेही तसेच. आधी थोड्या जास्त, मग सारख्या. औषधांत मात्र फरक टिकला. सातव्या वर्षापासून पुढे शस्त्रक्रियेच्या गटाचा औषधखर्च वर्षाला सरासरी ९३० डॉलर होता, तर तुलनागटाचा १,१२३ डॉलर.

थोडक्यात, वजन उतरले, मधुमेह टळला, आयुष्य वाढले. पण रुग्णालयाची पायरी चढणे कमी झाले नाही.

असे का व्हावे?

इथे शरीरशास्त्राकडे वळावे लागते. बायपासनंतर अन्न जठराच्या मोठ्या भागाला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला टाळून जाते. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः याच सुरुवातीच्या भागात शोषले जाते. ब-१२ जीवनसत्त्व शोषण्यासाठी जठरातून येणारे एक द्रव्य लागते. म्हणून ही पूरक द्रव्ये आणि रक्ताच्या तपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटातील जोडणीमुळे तयार झालेल्या फटीत आतडे अडकू शकते, जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. बांधलेला पट्टा सरकू शकतो. वजन उतरल्यावर लोंबणारी त्वचा काढायचीही काहींना गरज पडते. शस्त्रक्रिया एक दुखणे हलके करते आणि शरीराची एक नवी, सतत लक्ष मागणारी रचना मागे ठेवते.

आणखी एक कारण सहसा सुचत नाही. जो माणूस जगला, तो पुढची वर्षेही दवाखान्यात जाणारच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्याच आकड्यांनुसार शस्त्रक्रियेच्या गटाचे आयुष्य तुलनागटापेक्षा सरासरी ३ वर्षांनी वाढले होते. सर्वसामान्य लोकांपेक्षा मात्र ते तेव्हाही साडेपाच वर्षांनी कमीच होते. जगलेल्या माणसाचा चष्मा, गुडघा, मोतीबिंदू हे सगळे खर्चाच्या रकान्यात पडते. निव्वळ बचतीचा हिशेब मांडला, तर अकाली मृत्यू स्वस्त ठरतो! असा हिशेब कुठेतरी चुकतो आहे, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

सर्व रुग्णांचे उत्तरही एक नाही. २०१५ मध्ये स्वीडनचे आकडे रुग्णांच्या सुरुवातीच्या रक्तशर्करेनुसार वेगळे करून पाहिले गेले. ज्यांची शर्करा सामान्य होती किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती, त्यांचा १५ वर्षांचा एकूण खर्च शस्त्रक्रियेमुळे वाढला. ज्यांना आधीपासून मधुमेह होता, त्यांच्यात मात्र दोन्ही गटांच्या एकूण खर्चात खात्रीने सांगावा असा फरक उरला नाही. औषधांतल्या बचतीने शस्त्रक्रियेचा भार बराचसा पेलला होता. लाभ कोणाला जास्त हे ठरवताना केवळ वजनकाटा पाहू नये, असे यातून दिसते.

वाचणे आणि चीज होणे

मराठीत आपण 'पैसे वाचले' आणि 'पैशांचे चीज झाले' असे दोन वेगळे शब्दप्रयोग करतो. मुलाच्या शिक्षणावर खर्च केला तर पैसे वाचत नाहीत, पण चीज होते. आरोग्याच्या अर्थशास्त्रातही हा भेद आहे. ब्रिटनमध्ये उपचारांची छाननी करणारी 'नाइस' ही संस्था उपचाराने पैसे वाचतात का, एवढेच पाहत नाही. चांगल्या प्रकृतीचे एक वर्ष मिळवायला किती खर्च येतो ते पाहते. एरवी २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च ती वाजवी धरत आली. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया या कसोटीत सहज बसली आणि २००२ मध्ये तिची शिफारस झाली. अमेरिकेत 'वसूल होते की नाही' हा वाद रंगात यायचा होता, तेव्हा ब्रिटनने प्रश्नच वेगळा विचारला होता.

आपल्याकडे बेथेस्डाचे ते दोन आकडे बऱ्याच उशिरा, पण जसेच्या तसे पोहोचले. भारताच्या विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातून काय वगळता येईल याचे एकसारखे नियम केले. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया सरसकट वगळता येणार नाही, असे त्यातून ठरले. पण अट अशी, की रुग्ण प्रौढ असावा आणि निर्देशांक ४० किंवा अधिक असावा, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार असावा.

हे आकडे आपल्या शरीरांना लागू पडतात का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आशियाई लोकांना मधुमेह कमी वजनावरही गाठतो. म्हणून २०२२ मध्ये या शस्त्रक्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मार्गदर्शन बदलले : सर्वसाधारण मर्यादा ३५ वर आणली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार व्हावा असे सुचवले. १६० सेंटिमीटर उंचीला हे वजन सुमारे ७० किलो होते. १०२ आणि ७० किलो यांच्या मधल्या माणसांच्या उपचाराचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

त्यात आता औषधांची भर पडली आहे. बायपासनंतर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवते आणि भूक मंदावते. त्याचीच नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये वजन कमी करण्यासाठी मान्यता मिळाली. २०२५ मध्ये ते त्याच कामासाठी भारतातही आले. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च एकदाच होतो, औषधाचा दर महिन्याला. औषध थांबवले की वजन पुन्हा वाढू लागते. म्हणजे तोच जुना प्रश्न नव्या रूपात आला आहे. तो सोडवताना कोणाशी तुलना, किती काळ, काय मोजले आणि पैसे कोणाचे, हे चार प्रश्न विसरून चालणार नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना पुढील उदाहरण देता येईल. आकडे केवळ गणितासाठी मानलेले आहेत.

शस्त्रक्रियेचा खर्च ३,००,००० रुपये. तिच्यामुळे औषधांत वर्षाला ४०,००० रुपये वाचतात. खर्च किती वर्षांत भरून निघेल? उत्तर साडेसात वर्षे. आता पूरक जीवनसत्त्वे आणि तपासण्या यांसाठी वर्षाला १५,००० रुपये लागतात असे धरा. निव्वळ बचत २५,००० उरते आणि उत्तर १२ वर्षांवर जाते. पुढे, दर पाच रुग्णांमागे एकाला १,००,००० रुपयांची दुसरी शस्त्रक्रिया लागते असे धरा. प्रत्येकामागे सरासरी २०,००० वाढले. आता उत्तर १२.८ वर्षे. एकच शस्त्रक्रिया, पण हिशेबात एकेक ओळ भरली तसे उत्तर बदलत गेले.

मग मुलांना सांगावे, की पाचव्या वर्षाअखेर रुग्णाने विमा कंपनी बदलली. पहिल्या कंपनीला किती तोटा झाला, आणि दुसरीला न कमावता काय मिळाले? शेवटी वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने विमा कंपनीच्या बाजूने आणि दुसऱ्याने रुग्णाच्या बाजूने याच आकड्यांवरून शस्त्रक्रिया करावी की नाही ते ठरवावे, आणि आपल्या वहीत कोणती ओळ लिहायची राहिली, तेही शोधावे.